घर माझं, पोर्ट कुणाचा?

बाहेर पाऊस पडत होता, म्हणून गच्चीवरून कोसळणारं पाणी टाकीचं आहे हे कळायला मामींना वीस मिनिटं लागली. मोटर बंद करून त्या आत आल्या, फडताळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "तुमचं यंत्र झोपलंय." सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या घरात शनिवार असा उजाडला. पुण्याहून आदल्या रात्री आलेली भाची अजून अंथरुणातच होती.

फडताळात एक जुना लॅपटॉप होता. त्याच्याहून जुना लॅपटॉप मागच्या आठवड्यात कायमचा बंद पडला, म्हणून मामांनी हा बसवला होता आणि त्यावर कोरी उबुंटू २२.०४ टाकली होती. लॅपटॉपला स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारं यूएसबी हब आणि हबला तीन पोरं: टाकीतल्या फ्लोट स्विचच्या तारा घेऊन पाण्याची पातळी सांगणारा आणि रिलेनं मोटर चालवणारा आर्डुइनो नॅनो, मुख्य बोर्डात मामांनी स्वतः बसवलेला वीजमीटर वाचणारा आरएस-४८५ चा कनव्हर्टर, आणि दिव्यांशी बोलणारी झिग्बीची काडी. तिघंही लिनक्सच्या दृष्टीनं सिरियल पोर्ट. जुन्या लॅपटॉपवर मामांनी सगळं रूट होऊन चालवलं होतं, त्यामुळे पाच वर्षांत कधी 'परवानगी नाही' हे शब्द त्यांनी पाहिले नव्हते. नव्यावर गेले चार दिवस दुसरं काही दिसतच नव्हतं.

मामा दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. हयात एक्स्चेंजमध्ये, एमडीएफवर (म्हणजे केबलींच्या मुख्य चौकटीवर) जंपर ओढण्यात आणि केबलचे दोष शोधण्यात गेली. भाची सर्व्हर सांभाळते. तिच्या नोकरीत तार दिसत नाही, दिसतात ते फक्त लॉग. दोघांत वाद व्हायला एवढं भांडवल पुरेसं होतं.

"घर माझं, लॅपटॉप माझा, वायर मी ओढलेली," मामा म्हणाले. "आणि हा मलाच म्हणतो, परमिशन डिनाइड. कुणाची परमिशन? कलेक्टरची?"

"तुम्हाला नाही अडवलं, मामा. तुमच्या नावानं चालणाऱ्या प्रोग्रामला अडवलंय."

"एकच की ते."

"एकच असतं तर तुमच्या नावानं चालणारा ब्राउझरही तुम्हीच झालात. त्याला मोटर सुरू करता यावी का?"

मामांनी उत्तर दिलं नाही, पण पटलंही नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. दारावर पहारा बाहेरच्यासाठी असतो, घरातल्या माणसाला पास मागणारा वॉचमन कामावरून काढायचा. भाचीचं म्हणणं होतं की संगणकात 'घरातलं' असं काही नसतं. पंचवीस ठिकाणांहून आणलेली पंचवीस सॉफ्टवेअरं एका छपराखाली राहत असतात, इतकंच.

पण वाद रंगायच्या आधी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. मामा ज्याला सरसकट 'चालत नाही' म्हणत होते, त्यात यंत्र वेगवेगळ्या गोष्टी सांगत होतं. मीटरचा पोर्ट उघडायला गेलं की 'परमिशन डिनाइड' येत होतं. टाकीच्या पोर्टावर मात्र 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. म्हणजे मीटरची फाइल आहे पण तुमच्यासाठी नाही, आणि टाकीची फाइलच नाही. कर्नलकडे या दोषांना ठरलेले क्रमांक असतात: फाइल नाही तर २, परवानगी नाही तर १३, दुसऱ्या कुणी अडवून ठेवलं असेल तर १६, आणि तारेवरच घात असेल तर ५.

"तुमच्या टेस्ट डेस्कवर असायचं ना तसंच," ती म्हणाली. "डिसकनेक्शन, लूप, अर्थ, कॉन्टॅक्ट. तक्रार आली की फोन बंद आहे एवढंच कुणी लिहून घ्यायचं का?"

"लिहून घेणाऱ्याला मेमो मिळायचा," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून बसले.

टाकीच्या नॅनोची केबल मामांनी चार दिवसांत तीनदा बदलली होती. हे वेडेपण नव्हे. बाजारातल्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. नॅनोवरचा दिवा लागतो, आणि संगणकाला मात्र पत्ता नसतो. अशी एक केबल त्यांनी शोधून फेकूनही दिली होती. तरी पोर्ट दिसेना.

भाचीनं केबल काढली, पुन्हा लावली आणि लगेच 'सुडो डीमेसेज' चालवून कर्नलची रोजनिशी उघडली. तिथे सगळा तमाशा लिहिलेला होता. नॅनोवरची सीएच३४० चिप ओळखली गेली, तिला टीटीवाय-यूएसबी-२ हे नाव मिळालं, आणि पुढच्याच ओळीत बीआरएलटीटीवाय नावाच्या कुणीतरी ती हिसकावून घेतली. पोर्ट जन्मला आणि त्याच श्वासात गेला.

"हा कोण?"

बीआरएलटीटीवाय हा दृष्टिहीनांसाठीचा प्रोग्राम. ब्रेल पट्टी संगणकाला जोडली की पडद्यावरचा मजकूर तिच्यावर उमटवतो. ब्रेल पट्टी लावताक्षणी चालायला हवी, दुसऱ्याची मदत लागता कामा नये, म्हणून तो उबुंटूत आधीपासून बसवलेला असतो. अडचण अशी की एका ब्रेल उपकरणात तीच स्वस्त सीएच३४० चिप आहे, तिच्या कारखान्यातल्याच ओळखक्रमांकासह: १ए८६, ७५२३. त्यामुळे २२.०४ आल्यावर जगभरच्या आर्डुइनोंना हा प्रोग्राम ब्रेल पट्टी समजून कवटाळू लागला.

"म्हणजे कलेक्टर नव्हे, समाजसेवक," मामा म्हणाले. "काढून टाक त्याला."

तिनं काढला. या घरात ब्रेल पट्टी नव्हती, तेव्हा ते बरोबरच होतं. पण काढताना 'हेतू चांगला आहे त्याचा' म्हणत भाचीनं त्या प्रोग्रामची जी बाजू घेतली, ती जरा जास्तच होती. हेतू चांगला असला तरी लाखो वेगवेगळ्या वस्तूंत बसणारी चिप केवळ क्रमांकावरून 'माझी' म्हणणं ही चूकच होती, आणि मामांचा चार दिवसांचा संताप त्या चुकीच्या मापाचाच होता.

आता टीटीवाय-यूएसबी-२ दिसू लागला, आणि त्याच्यावरही 'परमिशन डिनाइड'. मामांनी हात झटकले. भाचीनं त्या फाइलची सविस्तर नोंद पडद्यावर काढली. मालक रूट. गट डायलआउट. दोघांनाही वाचण्या-लिहिण्याची मुभा, बाकी जगाला काही नाही.

"डायलआउट?" मामांनी चष्मा सारखा केला. "मी इथून कुणाला डायल करतोय?"

हा प्रश्न तिला आवडला, कारण उत्तर मामांच्याच मुलखातलं होतं. यूनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये, म्हणजे एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मली. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, आपल्याकडचा टेलिप्रिंटर. सिरियल पोर्टाला मोडेम लावायचा आणि मोडेममधून बाहेर फोन लावायचा. फोनचं बिल येणार संस्थेला. म्हणून ज्यांना फोन लावायची मुभा, त्यांचा गट डायलआउट. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांनी ते नाव अजून ठेवलंय. आर्च लिनक्सवर त्याच गटाला यूयूसीपी म्हणतात. यूनिक्स यंत्रं रात्री एकमेकांना फोन लावून फाइली पाठवायची, त्या पद्धतीचं ते नाव.

मामा हसले. डायलच्या भोकात बसवायचं छोटं पितळी कुलूप त्यांना आठवलं. शेजारची पोरं येऊन ट्रंक कॉल लावतील म्हणून लोक ते लावत. "पण त्याची किल्ली घरमालकाकडे असायची," त्यांनी लगेच जोडलं. "आणि दुसरं सांग. या लॅपटॉपला कॅमेरा आहे. तो मला कधी परवानगी मागत नाही. मग वायरीनंच काय घोडं मारलं?"

मुद्दा कच्चा नव्हता. कॅमेरा, माइक, स्पीकर यांच्या बाबतीत लिनक्स असं बघतो की यंत्रासमोर बसून लॉगइन कोण झालंय. त्या माणसाला तो आपोआप हक्क देतो आणि लॉगआउट झालं की काढून घेतो. सिरियल पोर्टाला ही सोय आपणहून मिळत नाही. कुणी हातानं नियम लिहून देऊ शकतो. पण त्या नियमाच्या फाइलीचं नाव क्रमवारीत ७३ च्या आधी यावं लागतं. लोक सवयीनं ९९ पासून नाव सुरू करतात आणि मग नियम नुसताच शोभेला राहतो.

"पण तो नियम आपल्या कामाचाच नाही," भाची म्हणाली. "पहाटे पाणी येतं तेव्हा लॅपटॉपसमोर कोण बसलेलं असतं?"

"कुणी नाही."

"मग हक्क कुणाला द्यायचा?"

घरातल्या स्वयंचलनाचा खरा पेच इथे आहे, आणि तो त्या सकाळी तिनं नेमका पकडला. माणूस नसताना जे चालायचं, त्याला माणसाच्या हजेरीवर हक्क देऊन भागत नाही. तो प्रोग्राम कोणत्या नावानं चालेल आणि त्या नावाला कशाकशाला हात लावता येईल, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

तिनं मामांचं खातं डायलआउट गटात घातलं. 'यूजरमॉड'ला मोठ्या जीसोबत छोटा ए द्यायचा असतो. तो विसरला तर नवा गट जोडला जाण्याऐवजी आधीचे सगळे गट पुसले जातात, आणि सुडोचा हक्कही त्यांतच असतो. तसं झालं की मग खरंच आपल्या घरात आपण पाहुणे. मामांनी टर्मिनलची नवी खिडकी उघडली, प्रोग्राम चालवला. परमिशन डिनाइड.

"झालं तुझं?"

"आता 'आयडी' असं नुसतं लिहा. मग 'आयडी' आणि पुढे तुमचं नाव."

दोन उत्तरं वेगळी आली. नावासकट विचारलं तेव्हा डायलआउट यादीत होतं, नुसतं विचारलं तेव्हा नव्हतं. नावासकट विचारल्याचं उत्तर वहीतलं, नुसत्या 'आयडी'चं आत्ता चालू असलेल्या प्रक्रियेच्या अंगावरचं. लॉगइन होताना जे गट मिळतात तेच पुढे त्या बैठकीतून जन्मणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला वारशानं जातात. वहीत नंतर काही चढवलं तरी चालू प्रक्रियांना त्याचा पत्ता नसतो. बाहेर पडून पुन्हा आत यायचं, किंवा सरळ यंत्र पुन्हा सुरू करायचं. डायलआउट करून पाहिलं, उपयोग झाला नाही, असं सांगणाऱ्यांतले बरेच जण या पायरीवर अडकलेले असतात.

पण मामांचा धीर संपला होता. भाची चहाला उठली तेवढ्यात त्यांनी रूट होऊन तिन्ही पोर्टांवर 'सीएचमॉड ६६६' फिरवलं, म्हणजे आल्या-गेल्या सर्वांना वाचायची-लिहायची मोकळीक. प्रोग्राम चालू झाला. टाकीची पातळी आली, दिवे लागले. मीटर तेवढा गप्प होता, पण परवानगीची कुरकूर त्यानंही थांबवली होती.

"एक ओळ," ते विजयी मुद्रेनं म्हणाले. "आणि तू मला गट सांगत बसलीस."

दुपारी साडेतीनला वीज गेली.

लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, हब मात्र अडॅप्टरवरचं. ते बंद पडलं तसे तिन्ही पोर्ट नाहीसे झाले, आणि वीज आली तेव्हा पुन्हा जन्मले. पोर्टाची फाइल ही डिस्कवर पडून राहणारी वस्तू नाही. उपकरण आलं की कर्नल ती नव्यानं बनवतो आणि यूडेव्ह तिला मालक-गट लावतो. त्यामुळे मामांचा ६६६ जुन्या फाइलींबरोबर गेला होता. एवढंच असतं तर पुन्हा एक ओळ लिहून भागलं असतं. पण या खेपेला उपकरणं वेगळ्या क्रमानं जागी झाली आणि आकडे फिरले. टाकी ० वर आली, दिव्यांची काडी २ वर गेली. मामांनी ती ओळ पुन्हा फिरवली तेव्हा पातळी विचारणारा प्रोग्राम झिग्बीच्या काडीला पाणी किती आहे असं विचारत बसला.

मामांचा चेहरा बदलला तो इथे. परवानगीचं तत्त्वज्ञान त्यांना पटलं नव्हतं, पण जोडीचा नंबर बदलणं हे त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. एमडीएफवर हजारो तारा असतात आणि प्रत्येक टॅगला ठरलेला पत्ता असतो. वीज गेली म्हणून कुणाचा फोन दुसऱ्याच्या घरी वाजत नाही.

"याला टॅग ब्लॉक नाही का?" त्यांनी विचारलं.

आहे. 'डेव्ह'खाली 'सिरियल' नावाचं दालन असतं, त्यात 'बाय-आयडी'. तिथे आकड्यांऐवजी चिप बनवणाऱ्याचं नाव आणि अनुक्रमांक यांवरून नावं तयार होतात. मीटरच्या कनव्हर्टरमधल्या एफटीडीआय चिपला स्वतःचा अनुक्रमांक होता, झिग्बीच्या काडीलाही होता. सीएच३४० ला मात्र सहसा अनुक्रमांकच नसतो. अशा दोन चिपा लावल्या तर त्यांची नावं सारखीच पडतात आणि एक दुसरीला झाकून टाकते. तिथे 'बाय-पाथ' कामाला येतो: वस्तू कोणती हे सोडा, ती कोणत्या खोबणीत बसली आहे ते सांगा.

मामांना हे मनापासून आवडलं. त्यांनी पांढरी चिकटपट्टी आणली, हबच्या खोबण्यांवर टाकी, मीटर, दिवे अशी नावं लिहिली आणि भाचीनं तसेच तीन यूडेव्ह नियम लिहिले. मीटर आणि दिवे अनुक्रमांकावरून, टाकी खोबणीवरून. प्रत्येकाला कायमचं टोपणनाव. टाकीच्या नियमात तिनं डायलआउटच्या जागी 'पाणी' असा वेगळा गटही टाकला, अर्थात रोमन अक्षरांत. कारण एक दुखणं अजून उरलं होतं. डायलआउट म्हणजे सगळ्या सिरियल पोर्टांची एकच किल्ली; दिवे लावणाऱ्या प्रोग्रामला तिनं मोटरही चालवता येते.

कौतुक करता करता एक खोट काढायला हवी. दिवे आणि मीटर सांभाळणारं होम असिस्टंट तिनं डॉकरमध्ये ठेवलं, कंटेनरला नेमकी दोनच उपकरणं टोपणनावानं दिली, आणि हे सगळं व्यवस्थित झाल्यावर मामांना प्रत्येक वेळी सुडो लिहावं लागू नये म्हणून त्यांचं खातं डॉकर गटात घातलं. तो गट व्यवहारात रूटच्या बरोबरीचा आहे, आणि डॉकरच्या दस्तऐवजांतच तसा इशारा दिलेला आहे. पुढच्या दाराला तीन कड्या लावून मागचं दार नुसतं लोटून ठेवल्यासारखं ते होतं. मामांना हे माहीत असतं तर रात्रीचं जेवण फार लांबलं असतं.

जेवताना वाद वेगळ्याच गोष्टीवरून झाला. प्रोग्राम सुरू झाला की रिलेचा 'टक्' आवाज येतो आणि चालू मोटर क्षणभर बंद पडते, हे मामांनी हेरलं होतं. भाची म्हणाली, कोडमध्ये चूक असेल. मामा म्हणाले, कोड चालायच्या आधीच आवाज येतो. ते बरोबर होते. लिनक्सवर पोर्ट उघडला की डीटीआर नावाची संकेतरेषा हलते, आणि नॅनोवर ती रेषा रीसेटला जोडलेली असते, संगणकावरून नवा प्रोग्राम चढवणं सोपं जावं म्हणून. पोर्ट उघडणं म्हणजे बोर्ड पुन्हा सुरू करणं. पुढची सुमारे दोन सेकंदं तो स्वतःतच असतो. मामांनी डब्यातून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढला आणि रीसेट व ग्राउंड यांच्यामध्ये बसवला. टक् थांबलं. आता नवा प्रोग्राम चढवायचा तर आधी तो काढावा लागेल, आणि ते मामांनी चिकटपट्टीवर लिहून ठेवलं.

मीटर अजून गप्पच होता. आता 'परमिशन डिनाइड' नाही, 'नो सच फाइल' नाही. पोर्ट उघडतोय, प्रश्न जातोय, उत्तर येत नाही. रविवारी सकाळी भाचीनं दीड तास सॉफ्टवेअर उपसलं. वेग ९६०० आहे ना, पॅरिटी बरोबर आहे ना, मॉडबसचा पत्ता १ च ना. दुसरा कुणी पोर्ट धरून बसलाय का हेही पाहिलं, कारण लिनक्स दोन प्रोग्रामना एकच पोर्ट बिनतक्रार उघडू देतो. मग आलेली अक्षरं दोघांत वाटली जातात आणि प्रत्येकाच्या हाती अर्धवट वाक्य पडतं. तसं काही नव्हतं.

"वायर बघितलीस?" मामांनी पेपरमागून विचारलं.

"ए ला ए, बी ला बी. बरोबर आहे."

"कुणाचा ए?"

आरएस-४८५ च्या दोन तारांना ए आणि बी म्हणतात, पण कोणती कुठली यावर उपकरणं बनवणाऱ्यांचंच एकमत नाही. एकाचा ए दुसऱ्याचा बी असतो. मामांनी मुख्य स्विच पाडला, मीटरपाशी दोन स्क्रू सैल केले, तारा अदलाबदल केल्या, स्क्रू आवळले आणि स्विच चढवला. पडद्यावर आकडा आला: २३४ व्होल्ट. ते काही बोलले नाहीत, पुन्हा पेपर उघडला.

संध्याकाळच्या गाडीच्या आधी भाचीनं सवयीनं यंत्राची शेवटची झडती घेतली. हब बंद करून चालू केलं, तिन्ही नावं आपापल्या जागी आली. गट बरोबर, मालक बरोबर. फक्त परवानग्या विचित्र दिसत होत्या. तिच्या नियमात ६६० होतं, आणि फाइलींवर ६६६.

तिनं रूटचा क्रॉनटॅब उघडला. दर मिनिटाला सगळ्या टीटीवाय-यूएसबी पोर्टांवर सीएचमॉड ६६६ फिरवणारी एक ओळ तिथे होती.

"मामा, हे कधी?"

"काल रात्री. तुझं ते राहू दे, चांगलं आहे. हे आपलं स्टँडबाय."

"याच्यामुळे माझ्या नियमाला काही अर्थच उरत नाही."

"चालतंय ना?"

तिनं ओळ पुसली नाही. तिच्या आधी एक हॅशचं चिन्ह टाकून ती नुसती निजवली आणि फाइल जतन केली. मामा खांद्यावरून बघत होते. "ते चिन्ह काढायचं कसं," ते म्हणाले, "हे मला येतं."

बाहेर मामींनी हाक दिली, रिक्षा आली होती.